कुंपणाच्या आतलं गवत

वाङ्मय मंडळाच्या अंकात मी आजवर दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा कवितेवर. या वेळी गवतावर लिहिते आहे. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विषय ऐकून विचारलं, "म्हणजे गवतावरच्या कविता?" नाही. साधं गवत. गुरं, मेंढ्या, काळवीट खातात ते. ते खाल्लं गेल्यावर हवेतल्या आणि मातीतल्या कार्बनचं काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. साहित्याच्या विद्यार्थिनीला ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. माझ्यावर एक उधारी आहे, आणि ती धार जिल्ह्यातली आहे.

माझी मावशी सिस्टर आहे. सरदारपूरच्या बाजूला मुलींच्या एका वसतिगृहात ती गेली अकरा वर्षं काम करते. २०२४ च्या जुलैत आम्ही वसईच्या चौदा मुली तिच्याकडे आठवडाभराच्या पर्यावरण शिबिराला गेलो. वसतिगृहामागे संस्थेच्या मालकीचा चार-पाच एकरांचा उघडा माळ आहे. पाऊस नुकताच सुरू झालेला, माळावर बोटभर हिरवं आलेलं. आम्ही वाडीत वाढलेल्या. केळी, नारळ, आंबा, चिंच दिसली की आम्हाला जमीन जिवंत वाटते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'हरित वसई'च्या लढ्याच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या मुलींना 'हिरवं' म्हणजे झाड, हे वेगळं शिकवावं लागत नाही. तो माळ आम्हाला गरीब वाटला, कुणीतरी झाडं तोडून उघडा केलेला. आम्ही दोनशे खड्डे खणले. करंज, कडुनिंब, सीताफळ आणि एकीच्या हट्टापायी थोडे गुलमोहर लावले. गावची जनावरं आत येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी काटेरी तार ओढली. फोटो काढले.

तार ओढत होतो तेव्हा एक म्हातारे मेंढपाळ काका बांधावर उभे राहून बघत होते. गायरी समाजाचे. ते मावशीला म्हणाले, "सिस्टर, इथं झाड नव्हतं, ते कुणी तोडलं म्हणून नव्हतं. माझ्या आजाच्या वेळीही इथं गवतच होतं." मग माझ्याकडे वळून, "बेटा, दिवाळीनंतर आमच्या मेंढ्या कुठं जातील?" मी काय उत्तर दिलं ते आठवलं की आजही कान तापतात. मी म्हणाले, "काका, झाडं मोठी झाली की सगळ्यांनाच फायदा होईल ना."

पुढच्या मे महिन्यात मावशीचा फोन आला. निम्म्याहून जास्त रोपं हिवाळा संपता संपता वाळली होती. तारेच्या आत कुणी चरलं नाही म्हणून गवत कमरेइतकं वाढलं, तसंच उभं वाळलं, आणि एप्रिलमध्ये कुणाच्या तरी विडीच्या थोटकाने पेटलं. उरलेल्या रोपांतली बरीचशी त्यात गेली. बाहेरचा, चरलेला माळ मात्र पेटला नाही. पेटायला तिथे काही नव्हतंच. "अगं, तू शिकतेयस," मावशी म्हणाली, "मला नीट वाचून सांग. कुंपण ठेवू की काढू? गावातल्या बाया दोनदा येऊन गेल्यात. आणि इकडे आपल्या लोकांना वाटतं, कुंपण काढलं तर पर्यावरणाचं काम सोडलं."

म्हणून मी वाचायला बसले. लेखाचा पुढचा भाग म्हणजे मावशीला दिलेलं उत्तर आहे, फक्त जरा सविस्तर.

आधी हिशोबाची रीत. गवत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याची पाती, काड्या, मुळं बनवतं. माळावरची चांगली गवतं बहुवर्षायू असतात. पावन्या, मारवेल, डोंगरी ही नावं आपल्याकडच्या गुराख्यांना पाठ असतात. ही दरवर्षी वरून वाळतात, खाली जिवंत राहतात. त्यांचं जमिनीखालचं शरीर वरच्याइतकं, पुष्कळदा वरच्याहून मोठं असतं. त्यामुळे गवताळ जमिनीची खरी ठेव मातीत असते. डोळ्यांना दिसते ती फक्त खिशातली मोड.

शेळीने किंवा मेंढीने पाती खाल्ली की त्यातला बराचसा कार्बन तिच्या श्वासावाटे एक-दोन दिवसांत हवेत परततो. थोडा मिथेन होऊन ढेकरेतून जातो, आणि हा भाग हलका घेऊ नये, कारण शंभर वर्षांच्या हिशोबात एक टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. उरलेला लेंडीतून मातीवर पडतो. एवढंच वाचलं तर चरणारं जनावर म्हणजे कार्बनचा चोर वाटेल. मलाही वाटलं. पण न खाल्लेलं गवत तरी कुठे कायम राहतं? ते बुरशी आणि जिवाणू कुजवतात, वाळवी नेते, उन्हाने त्याचा भुगा होतो, नाहीतर आमच्या माळासारखं ते जळतं. कार्बन दोन्हीकडून परत जातोच. तो कोणत्या वाटेने जातो, किती सावकाश जातो आणि जाता जाता मातीत किती मुरतो, हे बघायचं असतं.

याबद्दल मी वाचलेलं बरंचसं मोजमाप माळव्यातलं नाही, उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातलं आहे. टुंड्रा मला भूगोलाच्या पुस्तकात पाचवी-सहावीत भेटला होता तेवढाच. तो पुन्हा आठवायला देवास कारणीभूत झालं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मी देवासला गेले होते. माझ्या प्रोजेक्टचा विषय ई. एम. फॉर्स्टर. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता, आणि त्या दिवसांची पत्रं व आठवणी त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात छापल्या. एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा पवारांच्या दोन गाद्या, दोन दरबार. ज्या टेकडीचं नाव पुस्तकाला आहे ती चामुंडेची टेकडी गावात कुठूनही दिसते. मी तिथे राजवाडा शोधायला गेले आणि एका संध्याकाळी गावाबाहेरच्या तळ्याकाठी बसले, तर चिखलात चिमणीएवढे करडे पक्षी भराभर चोची मारत पळत होते. सोबतच्या ताईने सांगितलं, लिटल स्टिंट. हिवाळ्यात येतात. कुठून? तर आर्क्टिकच्या टुंड्रातून. त्यांची अंडी तिथेच उबतात. म्हणजे देवासच्या चिखलात मी टुंड्राचे रहिवासी बघत होते, आणि मे महिन्यात मावशीचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवले.

टुंड्रात झाडं नसतात. शेवाळ, दगडफूल, लव्हाळ्यासारखी गवतं, गुडघ्याएवढी विलो आणि बर्चची झुडपं. वाढीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, बाकी वर्ष बर्फ. खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं न वितळलेली जमीन. हजारो वर्षांत वाळलेलं आणि मेलेलं सगळं तिच्यात न कुजता पडून आहे. उत्तरेच्या या गोठलेल्या जमिनींत मिळून अंदाजे १,५०० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे सध्या सगळ्या वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. जमीन वितळली की जिवाणू जागे होतात आणि तो कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन होऊन बाहेर पडतो. म्हणून तिथे कोण काय खातं, कुठे पाय देतं, याची जगाला काळजी.

खाणारे बरेच आहेत. रेनडिअर, हंस, उंदरासारखे लेमिंग, आणि लांब केसांचा, बैल आणि मेंढा यांच्यामधला वाटावा असा मस्क-ऑक्स. या मस्क-ऑक्सवर ग्रीनलंडमध्ये दोन ठिकाणी झालेलं काम मी शेजारी शेजारी ठेवून वाचलं आणि माझी पंचाईत झाली.

पश्चिम ग्रीनलंडमधल्या कांगेर्लुसुआकला काही तुकड्यांना कुंपण घातलं, काही उघडे ठेवले. उघड्या तुकड्यांवर मस्क-ऑक्स आणि कॅरिबू चरत राहिले. कुंपणाच्या आत झुडपं वाढली आणि हवेतून जास्त कार्बन घेऊ लागली. बाहेर जनावरं झुडपं खुडत राहिल्यामुळे कार्बन कमी ओढला गेला. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. इथपर्यंत आमच्या तारेच्या बाजूचा पुरावा.

मग ईशान्य ग्रीनलंडमधलं झाकेनबर्ग. तिथला प्रयोग ओल्या, दलदलीच्या जमिनीवर झाला. मस्क-ऑक्सना तीन वर्षं बाहेर ठेवलं. चरणं थांबल्यावर जुन्या वाळक्या पात्यांचा आणि शेवाळाचा थर साचला, त्याखाली नवे कोंब कमी झाले, आणि त्या जमिनीचं कार्बन घेणं ४७ टक्क्यांनी घटलं. गंमत म्हणजे मिथेनही ४४ टक्क्यांनी घटला, कारण ज्या लव्हाळ्याच्या पोकळ देठांतून मिथेन वर येतो तेच कमी झालं. हे २०१५ चं. एकच बेट, एकच जनावर, आणि कुंपणाचा परिणाम उलटा. एकीकडे सुकी झुडपाळ जमीन, दुसरीकडे पाण्याने भरलेली. आम्ही परीक्षेत लिहितो ना, 'संदर्भानुसार अर्थ बदलतो', ते इथे अक्षरशः खरं आहे.

खाण्याइतकंच महत्त्व पायांना आहे, हे मला त्याहून नवीन होतं. सायबेरियात चेर्स्कीजवळ सर्गेई झिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९९६ पासून एक कुंपण घातलेलं रान चालवलं आहे, नाव 'प्लायस्टोसीन पार्क'. आमच्या कुंपणाच्या बरोबर उलट विचार: इथे तार जनावरं आत ठेवण्यासाठी. घोडे, रेनडिअर, गवे आणून सोडले. झिमोव्हचं म्हणणं असं की बर्फ ही जमिनीची गोधडी आहे. हवा उणे चाळीसला गेली तरी गोधडीखाली जमीन तितकी थंड होत नाही. जनावरं हिवाळ्यात खालचं गवत शोधायला बर्फ उकरतात, तुडवतात, गोधडी विरते आणि थंडी जमिनीत शिरते. जमीन घट्ट गोठलेली राहते. २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी यावर संगणकी गणित मांडलं. जग खूप तापलं तर शतकाअखेर निम्मा पर्माफ्रॉस्ट वितळू शकतो. पण मोठे कळप सगळीकडे असतील तर ८० टक्के टिकू शकतो. अर्थात हे गणित आहे, आणि एवढे कळप सायबेरियाभर कोण चारणार हा प्रश्न उरतोच. शिवाय उन्हाळ्यात तेच खूर शेवाळाचा थर फाडतात. तो थरही गोधडीच, फक्त उन्हाविरुद्धची. ती फाटली की जमीन तापते. मला झिमोव्हची जिद्द आवडते, पण त्याच्या भक्तांइतकी खात्री वाटत नाही.

मावशीने हे सगळं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बर्फाचं झालं. आमच्याकडे मेमध्ये त्रेचाळीस आहे."

बरोबर आहे. पण मला एक साम्य दिसतं. माळव्यालाही वाढीचा हंगाम एकच आणि छोटा आहे. जून अखेर ते सप्टेंबर. मग आठ महिने गवत थांबतं. टुंड्राला बर्फाची झोप, माळव्याला कोरडीची. दोन्हीकडे झोपेच्या काळात वरच्या वाळक्या गवताचं काय होतं यावर बरंच ठरतं. तिकडे ते न कुजता साचतं. इकडे ते जळतं.

आपल्या देशातलं सगळ्यात जवळचं मोजमाप हिमाचलातल्या स्पितीचं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुमंत बागची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे सोळा वर्षं काही तुकडे कुंपणात ठेवले आणि शेजारचे याक, आयबेक्स, भरल यांना मोकळे. २०२२ मध्ये निष्कर्ष आला. कुंपणाच्या आत मातीतला कार्बन वर्षागणिक ३० ते ४० टक्के जास्त हेलकावे खात होता. चरलेल्या जमिनीत तो स्थिर होता. याचं एक मोठं कारण नायट्रोजन. जनावरं तो मूत्र-लेंडीतून फिरता ठेवतात. स्थिर हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. आपण नेहमी किती साठला ते विचारतो. एका वर्षी भरपूर साठून पुढच्या वर्षी उडून जात असेल तर त्याला साठा म्हणायचं का? आमच्या कुंपणात पहिल्या वर्षी कमरेइतकं गवत होतं. त्या डिसेंबरात फोटो काढला असता तर आम्ही जिंकलो असतो.

याच गटाने २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, जी पाळीव जनावरांच्या बाजूने नाही. रानटी प्राणी चरतात त्या जमिनीत पाळीव जनावरं चरतात त्या जमिनीपेक्षा जास्त कार्बन सापडला, दोघांचं खाणं सारखंच असून. फरक मातीतल्या सूक्ष्मजीवांत होता, आणि त्यामागे एक संशय गुरांना दिल्या जाणाऱ्या टेट्रासायक्लीनसारख्या प्रतिजैविकांवर आहे. ती शेण-मूत्रातून मातीत उतरतात. म्हणजे मेंढी आली की सगळं आलबेल असंही नाही.

आता धार-देवास. माळव्याचा माळ शास्त्राच्या भाषेत सेहिमा-डायकँथियम प्रकारचा. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवतांची जी पाच प्रकारांत विभागणी केली त्यातला हा द्वीपकल्पाचा मोठा प्रकार. आपलं महाराष्ट्राचं पठारही त्यातच येतं. संस्थानांच्या काळात चांगल्या कुरणांना इकडे 'बीड' म्हणत आणि घोड्यांच्या चाऱ्यासाठी ती राखली जात. पवार, होळकर, शिंदे ही सगळी घोडदळावर उभी राहिलेली घराणी; गवताशिवाय त्यांचं राज्य एक पावसाळा टिकलं नसतं. होळकर तर मूळचे धनगर. फॉर्स्टरच्या पुस्तकात राजवाडा आहे, गोकुळाष्टमीचा गोंधळ आहे, पण गवतासाठी ते पुस्तक उघडायचं नाही. मी उघडलं होतं.

बीड राखायची रीत सोपी होती. पावसाळाभर बंद. गवत फुलून बी पडलं की कापणी, आणि मग गुरांना मोकळं. यात किती शहाणपण आहे ते मला वाचल्यावर कळलं. पावसाळ्यात पानं काम करत असतात आणि मुळं भरत असतात. हंगाम संपताना बहुवर्षायू गवत पानांतलं सत्त्व खाली ओढून घेतं. त्यानंतर वर उरतं ते जवळजवळ रिकामं खोड. दिवाळीनंतर मेंढी ते खाते तेव्हा गवताचं फार काही जात नाही. उलट पुढच्या कोंबाला उजेड मिळतो, लेंडी मातीत जाते आणि एप्रिलमध्ये पेटायला काही उरत नाही. काकांनी मला "दिवाळीनंतर" म्हटलं होतं. जुलैत मेंढ्या घालतो असं ते म्हणालेच नव्हते. मी ऐकलं नाही.

याची दुसरी बाजू गावाच्या चरनोईवर दिसते. चरनोई म्हणजे आपलं गायरान. तिथे बाराही महिने, भर पावसात सुद्धा, सगळ्या गावाची जनावरं. गवताला मूळ भरायची संधीच नाही. पावन्या, मारवेल संपतात, कुसळी उरते, मग तीही जाऊन तरोटा आणि गाजरगवत माजतं. जमीन खुरांनी दगडासारखी होते, पाणी वाहून जातं आणि पाण्याबरोबर वरची माती. मावशीने माझ्या सांगण्यावरून तीन ठिकाणी हातभर खणून बघितलं. कुंपणात मुळं होती. दिवाळीनंतरच चरला जातो अशा एका शेतकऱ्याच्या खाजगी बिडात मुळांची जाळी इतकी दाट की फावडं अडकलं. चरनोईत फावडं आपटून परत आलं. हा काही प्रयोग नव्हे. पण चरनोई इतकी का झिजली, याचं कारण निव्वळ मेंढ्या नाहीत. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळशी पडीक असे आणि रब्बीत गहू-हरभरा. १९७० च्या दशकापासून सोयाबीन आलं आणि पावसाळ्यातलीही जमीन नांगराखाली गेली. बांधावरचं, उतारावरचं गवत गेलं. तेवढीच जनावरं उरलेल्या तुकड्यावर आली. नांगर फिरला की मातीतला जुना कार्बन हवा लागून सुटतो, हे सगळीकडे खरं आहे. मेंढी वरची मोड खर्च करते. नांगर ठेव मोडतो.

देवासलाच याची एक छान बाजूही पाहिली. त्या फेब्रुवारीत एका पडीक शेतात दोन-तीनशे मेंढ्या बसलेल्या, बाजूला उंट, खाटा, पांढऱ्या पागोट्याची माणसं. राजस्थानातून येणारे रायका. शेतकरी त्यांना रात्रभर मेंढ्या बसवायला धान्य किंवा पैसे देतात. आपल्याकडे धनगरांना देतात तसंच. मेंढ्या दिवसभर बांधावर, काढलेल्या पिकाच्या धसकटांवर चरतात आणि रात्री लेंडी-मूत्र एका शेतात देतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ही लेंडी, काडीकचरा त्या भेगांतून खोल जातो. मिटली भेग की आत. चिकणमातीला चिकटून तो तिथे बराच काळ राहू शकतो. मस्क-ऑक्सचे पाय बर्फ दाबतात, इथे मेंढीचे पाय भेग भरतात. मला तरी हे चित्र झिमोव्हच्या घोड्यांपेक्षा कमी वाटत नाही.

रानटी खाणारेही आहेत. देवास-शाजापूरच्या शेतांत काळवीट आणि नीलगायींचे कळप पिकांत घुसतात म्हणून शेतकरी हैराण असतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरने हाकून शेकडो काळवीट पकडले आणि अभयारण्यांत नेऊन सोडले. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच मागितलं असतं. पण काळवीट पिकात का आला, तर त्याचं गवत सोयाबीन झालं म्हणून.

आणि खरमोर. मराठीत तणमोर. सरदारपूरचं अभयारण्य १९८३ मध्ये याच पक्ष्यासाठी जाहीर झालं, सुमारे ३४८ चौरस किलोमीटर, आत चौदा गावांच्या शेतजमिनी. तिथल्या लोकांना कित्येक वर्षं स्वतःची जमीन विकता येईना, म्हणून गावांत या पक्ष्याचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात. पावसाळ्यात नर गवताच्या वर सरळ उड्या मारून मादीला बोलावतो. गवत फार उंच झालं तर उडी दिसत नाही, अगदी खुरटलं तर लपायला जागा नाही. २०२१ मध्ये त्याची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. खरमोराला हवं ते गवत आणि मातीला हवं ते गवत यांत मला फारसा फरक दिसत नाही: पावसात राखलेलं, नंतर चरलेलं, मध्यम. अशा माळावर ओळीने झाडं लावली तर खरमोर जातो, हे आम्हाला शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं असलेलं माणूस बांधावर उभं होतं.

इंग्रजांच्या महसुली कागदांत अशा जमिनीला 'वेस्ट' म्हणत. आपण त्याचं पडीक केलं, आणि आज सरकारी नकाशाचं नावही 'वेस्टलँड ॲटलस' आहे. आम्ही भाषेचे विद्यार्थी. एका शब्दाने किती खड्डे खणले जातात ते मी हाताच्या फोडांवरून सांगू शकते.

मावशीला मी जे लिहून पाठवलं ते थोडक्यात असं. सगळं कुंपण काढू नकोस, कारण मग माळ चरनोई होईल. सगळं ठेवू नकोस, कारण मग तो पुन्हा पेटेल. जगलेली रोपं ओढ्याकाठची आहेत, तेवढ्यांना तार राहू दे. बाकी माळ जून ते दिवाळी बंद, मग गावाशी बोलून कापणी आणि चराई, आणि किती मेंढ्या हे काकांनाच ठरवू दे. उन्हाळ्यात एक पट्टा मोकळा, उघडा, म्हणजे आग पुढे जाणार नाही.

मावशीने यातलं बरंचसं केलं, सगळं नाही. वरिष्ठांना वृक्षारोपणाचा अहवाल द्यायचा होता. तो तिने दिला, 'दोनशेपैकी एकतीस जगली' असं लिहून. त्यावर काय उत्तर आलं ते ती सांगत नाही. दिवाळीच्या आठवड्यात गवत कापलं, गावातल्या बायांनी भारे नेले, आणि पाडव्यानंतर पश्चिमेकडची तार सोडली. मी तेव्हा इथे होते, परीक्षा होती. फोनवर तिने सांगितलं, काकांनी मेंढ्या लगेच आत सोडल्या नाहीत. आधी ते एकटे आत गेले, एप्रिलमध्ये जळलेल्या भागात वाकून वाकून फिरले, आणि खांबांपाशी पडलेले तारेचे तुकडे वेचून धोतराच्या सोग्यात घालून बाहेर आले. मेंढीच्या पायात जाऊ नयेत म्हणून.